टोयोटा ८६ (२०१७): जुन्या रिमचे तीन सेट समोर आहेत, यातलं काय बसेल?

सहावा_गिअर (न्यू जर्सी)

गाडी २०१७ ची टोयोटा ८६, मॅन्युअल. सस्पेन्शन आणि ब्रेक कंपनीचेच, ब्रेंबोचे मोठे ब्रेक नाहीत. सध्या १७ × ७ ईटी ४८ रिम (व्यास आणि रुंदी इंचांत, ईटी म्हणजे ऑफसेट मिमीत) आणि २१५/४५ आर १७ टायर (रुंदी २१५ मिमी, गालाची उंची तिच्या ४५ टक्के, रिम १७ इंची). जवळपास जुन्या रिमचे तीन सेट विकायला आहेत आणि तिन्ही विकणारे छातीठोकपणे सांगतायत की "५ × १०० आहे ना, मग बसणारच".

अ) आफ्टरमार्केट १८ × ९.५ ईटी ३८, मधलं भोक ७३.१ मिमी, वर २४५/४० आर १८ टायर चढवलेले. दिसायला फार देखणे.

आ) २००४ च्या सुबारू एसटीआयच्या मूळ रिम, १७ × ७.५ ईटी ५३. टायर नाहीत.

इ) कोरोलाच्या १६ इंची लोखंडी रिम, हिवाळ्याच्या टायरसाठी. एकदम स्वस्त. टोयोटाच्या टोयोटाला, म्हणून हे तरी नक्की बसतील असं वाटतंय.

गाडी खाली करायची नाही, मडगार्डची कड वळवायची नाही. रोजचं जाणं-येणं आणि उन्हाळ्यात एखाददुसरा ट्रॅक डे, एवढाच वापर. पैसे देण्याआधी नेमकं काय काय मोजायचं, आणि कुठल्या आकड्यावर "नको" म्हणायचं?

मोजपट्टी

पीसीडी (नटांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास; ५ × १०० म्हणजे पाच भोकं, १०० मिमी) जुळला म्हणजे रिम हबच्या स्टडवर, म्हणजे नट लागतात त्या दांड्यांवर, चढेल, एवढंच. बसेल की नाही हे पुढचे चार-पाच आकडे ठरवतात. आणि मुळात विकणाऱ्याचा पीसीडी तरी खरा आहे का ते आधी बघा. पाच भोकांच्या रिमवर समोरासमोर भोकं नसतात, त्यामुळे सरळ मोजता येत नाही. शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि १.७०१ ने गुणा. ५ × १०० असेल तर हे अंतर ५८.८ मिमी येतं, ५ × १०८ ला ६३.५, ५ × ११२ ला ६५.८ आणि ५ × ११४.३ ला ६७.२. फूटपट्टीने एवढं कळतं. फक्त ५ × ९८ आणि ५ × १०० मध्ये जेमतेम सव्वा मिलिमीटरचा फरक पडतो, तिथे व्हर्नियर लागतो. हे सांगायचं कारण तुमचा 'आ' सेट: एसटीआय २००४ ला ५ × १०० होती, २००५ पासून ५ × ११४.३ झाली. लोक वर्ष चुकीचं सांगतात. ईटी दोन्हीचा ५३ च, पण २००५ ची रिम ८ इंच रुंद. मागच्या बाजूला ओतीव अक्षरांत ७ १/२ जे आहे की ८ जे, ते वाचा.

आता ऑफसेटचं गणित. ईटी म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती बाहेर आहे ते. रुंदीचे मिलिमीटर करा (इंच × २५.४), निम्मे करा. त्यात ईटी मिळवला की हबपासून आतली बाजू, वजा केला की बाहेरची बाजू.

तुमची मूळ रिम, ७ इंच ईटी ४८: आत १३६.९, बाहेर ४०.९
एसटीआय, ७.५ इंच ईटी ५३: आत १४८.३, बाहेर ४२.३
सेट अ, ९.५ इंच ईटी ३८: आत १५८.७, बाहेर ८२.७

म्हणजे 'अ'ची रिम आत जवळजवळ २२ मिमी आणि बाहेर जवळजवळ ४२ मिमी जास्त जाते. बहुतेक जण इथेच थांबतात आणि घाबरतात किंवा वाद घालतात. पण गाडीला आधी घासतो टायर, रिम नव्हे. तुमचा २१५ चा टायर ७ इंची रिमवर रिमच्या बाहेर फुगलेला आहे. २४५ चा टायर ९.५ वर ताणून बसतो, फुगत नाही. म्हणून हेच गणित टायरच्या खऱ्या रुंदीवर पुन्हा करायचं. टायर कंपनीच्या तक्त्यात 'सेक्शन विड्थ' आणि ती कुठल्या रिमवर मोजली हे दोन्ही दिलेलं असतं. रिम अर्ध्या इंचाने बदलली की टायरची रुंदी साधारण ५ मिमीने बदलते.

२१५/४५ आर १७, ७ इंची रिमवर: सुमारे २१३ मिमी रुंद. आत १५४.५, बाहेर ५८.५
२२५/४५ आर १७, ७.५ इंची रिमवर: सुमारे २२५. ईटी ५३ ला आत १६५.५, बाहेर ५९.५
२४५ चा १८ इंची, ९.५ वर: सुमारे २५८. ईटी ३८ ला आत १६७, बाहेर ९१

थोडक्यात टायरच्या हिशेबाने एसटीआय आत ११ आणि बाहेर फक्त १ मिमी सरकते. सेट 'अ' आत साडेबारा, बाहेर साडेबत्तीस. तुमचा प्रश्न आतला नाही, बाहेरचा आहे.

दुसरा मुद्दा उंचीचा. २१५/४५ आर १७ चा व्यास ६२५ मिमी. 'अ'वर जे २४५/४० आर १८ चढवलेत त्यांचा ६५३, म्हणजे साडेचार टक्के मोठा. त्रिज्येत १४ मिमी. एवढ्यात चाक पूर्ण वळवल्यावर पुढच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला टायर लागण्याची दाट शक्यता, शिवाय मूळ मीटर अचूक होता असं धरलं तर ६० दाखवताना गाडी ६२.७ ने पळत असेल. या रिमवर २४५/३५ आर १८ हवेत, व्यास ६२९. म्हणजे त्या टायरची किंमत तुमच्यासाठी शून्य धरूनच भाव करा. १७ इंची एसटीआयवर २२५/४५ घेतले तर ६३४, दीड टक्क्याच्या आत. काही अडत नाही.

लोड इंडेक्स विसरू नका. मूळ टायर ८७ चा, म्हणजे प्रत्येकी ५४५ किलो. कमी उंचीच्या टायरमध्ये हवा कमी मावते, त्यामुळे त्याच रुंदीत आकडा खाली जातो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर प्रत्येक अ‍ॅक्सलचं कमाल वजन असतं, त्याच्या निम्म्याहून रिम आणि टायर दोघांची क्षमता जास्त हवी. चांगल्या रिमवर ती मागे किलोमध्ये ओतलेली असते, शेजारी जेडब्ल्यूएल आणि व्हीआयएचे (रिमच्या मजबुतीच्या जपानी चाचण्यांचे) शिक्के. यातलं काहीच नसेल, फक्त चकाकी असेल, तर ट्रॅकवर ती रिम नको.

आटे_बिटे

मोजपट्टींनी रुंदीचं सांगितलं, मी मधल्या भोकाचं आणि नटांचं सांगतो, कारण खरी फसगत इथे होते. या गाडीवर टोयोटाचा बिल्ला असला तरी खालून ती सुबारू आहे. हबची कड ५६.१ मिमी. स्टड एम १२ × १.२५ (१२ मिमी जाड, दोन आट्यांत १.२५ मिमी).

आता सेट 'इ'. कोरोलाचा पीसीडी ५ × १०० बरोबर, पण मधलं भोक ५४.१ मिमी. तुमच्या हबपेक्षा २ मिमी लहान. रिम हबच्या कडेवर चढणारच नाही. गंमत अशी की नुसती टेकवली तर बसल्यासारखी दिसते आणि नट दोन-चार फेरे फिरतातही. मग माणूस पाना लावून ओढतो आणि रिम डिस्कपासून काही मिलिमीटर दूर, कडेवर लटकलेली राहते. हे सेकंड जनरेशन प्रियसच्या रिमलाही लागू, तिचंही ५४.१. लेथवर भोक मोठं करून मिळतं, पण स्वस्तातल्या लोखंडी रिमसाठी तो उपद्व्याप परवडत नाही. 'इ' सोडून द्या. हिवाळ्यासाठी १६ इंचीच हवी असेल तर सुबारूची ५ × १०० वाली बघा, इम्प्रेझाची वगैरे, भोक ५६.१ च असतं. टायर २०५/५५ आर १६, व्यास ६३२, सव्वा टक्काही मोठा नाही. फक्त घेण्याआधी ती ब्रेकच्या कॅलिपरवरून जाते का ते एका रिमवर फिरवून बघा, सगळ्या १६ इंची रिमचा आतला पिंप सारखा नसतो.

सेट 'अ'चं भोक ७३.१, म्हणजे उलटा प्रकार. आफ्टरमार्केटवाले एकच मोठं भोक ठेवतात आणि गाडीप्रमाणे कडं घालायला सांगतात. तुम्हाला ७३.१ ते ५६.१ चं हब रिंग लागेल, चार नग. कडं नसेल तर रिम फक्त नटांच्या शंकूवर मध्यात येते. एखादा नट आधी जास्त आवळला गेला की रिम केसभर सरकते आणि ताशी ५५-६० मैलांच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग लोक तीन-तीनदा बॅलन्सिंग करून घेतात आणि दोष टायरला देतात. कडं प्लास्टिकचं की अ‍ॅल्युमिनियमचं? ट्रॅकवर ब्रेक तापतात तेव्हा स्वस्तातलं प्लास्टिक मऊ पडतं. अ‍ॅल्युमिनियमचं मऊ पडत नाही, पण तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यात ते हबला चिकटून बसतं. ट्रॅकला जाणार असाल तर अ‍ॅल्युमिनियमचंच घ्या आणि हबच्या कडेला अँटी-सीझचा (धातू चिकटू न देणाऱ्या पेस्टचा) पातळ हात मारा. स्टडच्या आट्यांना मात्र मुळीच लावू नका. वंगण लागलं की त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.

नट. बाकीच्या बहुतेक टोयोटांना एम १२ × १.५ असतात, तुमच्या गाडीला १.२५. पार्ट्सच्या दुकानात "टोयोटाचे द्या" म्हणालात तर चुकीचे हातात पडतील. १.५ चा नट १.२५ च्या स्टडवर एक-दीड फेरा सहज जातो, मग अडतो, आणि इम्पॅक्ट गन लावली की आटे खाऊन पुढे जातो. म्हणून पहिले पाच-सहा फेरे बोटांनीच. सुबारूचे मागा, किंवा सरळ मापाने मागा.

नट रिममध्ये टेकतो ती बैठक ६० अंशांच्या शंकूची. एसटीआयच्या रिमला तुमचेच नट चालतील. 'अ'ची भोकं बघा: आफ्टरमार्केट रिमची भोकं बऱ्याचदा अरुंद असतात, त्यात १९ चा सॉकेट शिरत नाही. तिथे बारीक व्यासाचे, खाचेचे, चावीने आवळायचे नट लागतात. आणि जुनी रिम पावडर कोट केलेली असेल तर शंकूच्या बैठकीत रंगाचा थर आहे का ते नखाने खरवडून बघा. रंगाचा थर दबला की पहिल्या शंभर मैलांत नट ढिले.

आवळणी १२० न्यूटन मीटर, म्हणजे ८९ फूट-पाऊंड. चाक अधांतरी असताना एक सोडून एक अशा क्रमाने साठ न्यूटन मीटरच्या आसपास, जमिनीला टेकवल्यावर पूर्ण. पन्नासेक मैल चालवून, गाडी थंड असताना पुन्हा.

कोथरूडचा_पोलोवाला

मध्येच विचारतो. आमच्या पोलोलाही ५ × १००. मावसभावाची टेक्सासमध्ये जीआर ८६ (८६ ची पुढची पिढी) आहे. फोक्सवॅगनच्या जुन्या जेट्टाच्या रिम तिकडे ढिगाने मिळतात म्हणतो. त्या चालतील का?

आटे_बिटे

जीआर ८६ लाही तेच, ५ × १००, ५६.१, एम १२ × १.२५. फोक्सवॅगनचं भोक ५७.१, त्यामुळे चढेल, आणि ५७.१ ते ५६.१ चं पातळसं कडं मिळतंही. अडचण बैठकीची. फोक्सवॅगनला स्टड नसतात, एम १४ चे बोल्ट असतात आणि त्यांची बैठक गोलाकार. त्या वाटीत तुमच्या एम १२ चा शंकूवाला नट टाकला की तो एका बारीक रेषेवर टेकतो. आवळताना टॉर्क रेंच 'टक्' म्हणेल, पण पकड खोटी. गोल बैठकीचे एम १२ × १.२५ नट शोधून मिळाले तर ठीक, पण भोक एम १४ साठीचं असल्यामुळे त्यांचा गोलवा आणि व्यास वाटीशी जुळतो का हे बघावं लागतं. त्यापेक्षा मावसभावाला सुबारूच्या रिम बघायला सांगा.

सहावा_गिअर

'इ' बाद. दोघांनाही धन्यवाद, वाचले पैसे.

काल गाडीवर मापं घेतली. सपाट फरशीवर, चाकं सरळ. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला: पुढे टायरचा सगळ्यात फुगीर भाग कडेच्या २० मिमी आत आहे, मागे २४. आतल्या बाजूला पुढे टायरचा गाल आणि स्ट्रटची (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याची) नळी यांत २२ मिमी. मागे आत भरपूर जागा दिसते. पुढचा कँबर (चाकाचा आत-बाहेर कल) जवळजवळ शून्य.

एका मित्राचं म्हणणं, पुढे कँबर बोल्ट टाकून दीड अंश निगेटिव्ह कर, 'अ' आरामात बसेल. खरं आहे?

मोजपट्टी

मापं नीट घेतलीत, यावर हिशेब करता येतो. पुढे बाहेर २० मिमी जागा, 'अ' घेते साडेबत्तीस. म्हणजे टायर मडगार्डच्या बाहेर साडेबारा मिमी. मागेही साडेआठ. गाडी मूळ उंचीवर असताना हे उभं बघायला चालेल, पण खड्ड्यात चाक वर गेलं की टायरचा खांदा कडेखालून न जाता कडेवरच आपटतो.

कँबर बोल्टबद्दल मित्र अर्धं बरोबर आहे. वरचा भाग आत येतो खरा. पण कँबर कुठून मिळवता यावर सगळं अवलंबून. कँबर बोल्ट स्ट्रट आणि नकल (हब धरणारा भाग) यांच्या जोडावर बसतो, त्यामुळे चाक स्ट्रटच्या सापेक्ष कलतं, म्हणजे टायर स्ट्रटच्या जवळ जातो. जोडापासून टायरचा माथा साधारण २५० मिमी वर धरा. दर अंशाला ४.४ मिमी. दीड अंशाला साडेसहा. तुमच्याकडे आत २२, त्यातून 'अ'चे साडेबारा गेले की उरतात साडेनऊ, त्यातून साडेसहा गेले की तीन. वळणावर टायरचा गाल दबतो, त्या तीनचं काही खरं नाही. आणि बाहेर एवढं करून सात-आठ मिमीच मिळवले, हवे होते साडेबारा. दोन्हीकडून तोटा.

स्ट्रटच्या वरच्या टोकाला कँबर प्लेट लावली तर स्ट्रट आणि चाक एकत्र कलतात, आतली जागा कमी होत नाही. म्हणूनच खाली केलेल्या, प्लेट लावलेल्या ८६ वर ९.५ ईटी ३८ ते ४० सर्रास दिसतात. तो वेगळा खेळ आहे: स्प्रिंग, प्लेट, अलाइनमेंट, मागचे आर्म. तुम्ही गाडी खाली करायची नाही म्हणालात, त्यामुळे 'अ' तुमच्यासाठी नाही. फुकट मिळाले तरी.

त्यांच्यासारखंच काही हवं असेल तर १८ × ८.५ ईटी ४५ शोधा. २२५/४० आर १८ त्यावर साधारण २३५ मिमी रुंद बसतो: आत १६२.५, बाहेर ७२.५. मूळपेक्षा आत ८, बाहेर १४. तुमच्या मापांत पुढे बाहेर ६ आणि आत १४ मिमी उरतात. उंची जवळजवळ २ टक्के जास्त, त्यामुळे चाक पूर्ण वळवून अस्तराकडे बघावं लागेल, बाकी काही नाही. चारही चाकांना एकच माप ठेवा. मागे टॉर्सन (एक चाक घसरू लागलं तर दुसऱ्याला ताकद देणारं) डिफरन्शियल आहे, मागचे दोन टायर झिजलेले-नवे असे मिसळू नका.

पण खरं सांगायचं तर रोजच्या वापराला आणि अधूनमधून ट्रॅकला एसटीआयच्या रिम घ्या. १७ चे टायर स्वस्त, भोक ५६.१, नट तेच, कडं नको. आत ११ मिमी जातात, तुमच्याकडे २२ आहेत. दिसायला थोड्या आत गेल्यासारख्या वाटतील, एवढीच कुरकुर.

घासाघीस

एसटीआयच्या रिम बघायला जाताना काय न्यायचं ते सांगतो: सरळ पट्टी, टेप, टॉर्च, व्हर्नियर, हबच्या कडेवर मापून घेतलेला ५६.१ चा आकडा आणि जमलं तर जॅक.

ईटी वाचता आला नाही तर मोजा. रिम दर्शनी बाजू खाली करून जाड कपड्यावर ठेवा, मागच्या दोन कडांवर पट्टी आडवी टाका, पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत खोली मोजा. मग कडेपासून कडेपर्यंत पूर्ण रुंदी मोजून निम्मी करा आणि खोलीतून वजा करा. उरला तो ईटी. इथे घोळ होतो कारण ७.५ ची रिम बाहेरून मोजली तर साडेआठ इंच भरते. नावातला आकडा टायर बसतो तिथला आहे, दोन्ही ओठ धरून नाही. ७.५ ईटी ५३ ला खोली १६१ मिमीच्या आसपास यायला हवी. १५० आली तर रिम ती नाही.

वाकलेली आहे का ते नुसत्या नजरेने कळत नाही. विकणाऱ्याला म्हणा, टायरवाल्याकडे बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून बघू, खर्च माझा. कडेजवळ एक खडू स्थिर धरा. वरखाली किंवा आतबाहेर मिलिमीटरभरापेक्षा जास्त झोका दिसला तर ती रिम वेगळी ठेवा. आतला ओठ जास्त वाकतो, लोक बाहेरचाच बघतात. तडे स्पोकच्या मुळाशी आणि आतल्या पिंपावर शोधा. वेल्डिंगची रेघ दिसली तर ट्रॅकसाठी नको.

घरी आल्यावर टायर चढवण्याआधी नुसती रिम लावून बघा, पुढे आणि मागे दोन्हीकडे. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर रिम गंजाच्या पापुद्र्यावर बसते. दोन-तीन नट हाताने लावा, रिम आणि डिस्कच्या मधून टॉर्च मारा, उजेड आरपार दिसता कामा नये. मग रिम हाताने सावकाश पूर्ण फिरवा. कॅलिपर आणि पिंप यांत ३ ते ५ मिमी हवेत, कारण बॅलन्सिंगची चिकटवजनं त्याच जागेत येतात. स्पोक आणि कॅलिपरच्या तोंडाचं अंतर बघायला मुलांची खेळायची माती घ्या: कॅलिपरवर गोळी चिकटवा, रिम लावून फिरवा, काढून गोळीची जाडी मोजा. तुमच्या साध्या ब्रेकला एसटीआयची रिम अडायची नाही, ती मुळात ब्रेंबोवरून जायला बनवलेली आहे. पण पुढे कधी ब्रेक मोठे केलेत तर तेव्हाही हाच मातीचा प्रयोग.

टायर चढल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना, नंतर उलट्या गिअरमध्ये टोकाला. मग दोन जण मागे बसवून एखाद्या उतारावरून, स्पीडब्रेकरवरून हळू. घासलं तर आवाजापेक्षा खूण खरी बोलते: अस्तरावर खडू फिरवून ठेवा, जिथला पुसला जाईल तिथे लागतंय. पुढचा बंपर आणि मडगार्ड जिथे जोडलेत तो कोपरा आणि मागच्या बंपरचा कान, या दोन जागा आधी बघा.

अमेरिकेतली गाडी असल्यामुळे टायर प्रेशरचे सेन्सर. नव्या रिमला वेगळे सेन्सर टाकलेत तर त्यांचे नंबर गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवावे लागतात, नाहीतर डॅशवर दिवा लुकलुकत राहतो. जुन्या सेन्सरचे नंबर उतरवून घेतलेले क्लोन सेन्सर टायरवाला बनवून देतो, मग दोन्ही सेट आळीपाळीने चालतात. वारंवारता ३१५ की ४३३ मेगाहर्ट्झ ते मूळ सेन्सरवर वाचून घ्या.

श्टुटगार्टकर

जर्मनीत हीच गाडी जीटी८६ म्हणून आली. इथल्या कुणी हा धागा वाचून रिम घ्यायची ठरवली तर आधी कागद बघा, मग रिम. रिमसोबत एबीई (सुट्या भागाची सरकारी मान्यता) किंवा टाइलेगुटआख्टन (भागाचा तपासणी अहवाल) हवं आणि त्याच्या तक्त्यात तुमची गाडी, रिमचं माप आणि टायरचं माप तिन्ही एका ओळीत हवीत. तक्त्यात पुढे अटी असतात, "कड वळवावी लागेल", "मडगार्डची रुंदी वाढवावी लागेल" वगैरे. त्या पाळल्या नाहीत तर टीयूव्हीवाला (वाहन तपासणी संस्थेचा तपासनीस) नोंद करत नाही. चाकाच्या मध्यापासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश या भागात टायरची रुंदी मडगार्डखाली झाकलेली हवी. एसटीआयच्या मूळ रिमला ८६ साठीचं असं कागदपत्र सहसा नसतं, त्यामुळे न्यू जर्सीत जे सरळ आहे ते इथे तपासनिसाच्या मर्जीवर जातं. त्याला आधी फोन करून विचारायचं, मग पैसे द्यायचे.

सहावा_गिअर

एसटीआयचा सेट बघायला शनिवारी जातोय. मागे ७ १/२ जे लिहिलंय असा फोटो त्याने पाठवला, शेजारशेजारच्या भोकांमधलं अंतरही त्याच्याकडून मोजून घेतलं, ५९ च्या जवळ आहे. एकच राहिलं: फार आत दिसल्या तर ५ मिमीचे स्पेसर टाकता येतील का?

आटे_बिटे

५ मिमीने ईटी ५३ चा ४८ होतो, म्हणजे २२५ चा टायर मूळपेक्षा आत ६, बाहेर ६. माप म्हणून छानच. पण दोन गोष्टी मोजल्याशिवाय टाकू नका.

एक, डिस्कच्या बाहेर हबची कड किती उरते ते बघा. त्यातले ५ मिमी स्पेसर खाणार. उरलेल्या कडेवर रिमचं भोक नीट बसतंय का? रिमच्या भोकाला सुरुवातीला तिरपी कड कापलेली असते, तेवढी सोडून पुढे सरळ भाग पकडला गेला पाहिजे. नसेल तर स्वतःची ५६.१ ची कड असलेला जाड स्पेसर लागतो, पण ५ मिमीत तशी कड बसवायला जागाच नसते.

दोन, आटे. एम १२ ला निदान १२ मिमी आटे धरले गेले पाहिजेत. १.२५ च्या पिचला ते दहा फेरे. स्पेसर लावून नट बोटांनी बैठकीला टेकेपर्यंत फिरवा आणि फेरे मोजा. दहाच्या खाली आले तर लांब स्टड, नाहीतर स्पेसर नाही. आणि लांब स्टड घातलेत तर बंद टोपीचे नट काढून टाका. स्टड टोपीच्या तळाला आधी टेकतो, रेंच टॉर्क दाखवते आणि रिम मात्र सैल असते. उघड्या तोंडाचे नट घ्या, स्टड बाहेर आलेला डोळ्यांनी दिसतो.